बर्फाची गोष्ट उन्हाळ्यात आणताना

वरूड तालुक्यातील आमच्या जिल्हा परिषदेच्या उच्च प्राथमिक शाळेत सहावी-सातवीच्या मुलांना घेऊन एक ॲनिमेशन लघुपट करायचे ठरले, तेव्हा पहिला प्रश्न उभा राहिला तो पुस्तकाचा. नवी कथा रचण्यापेक्षा एखाद्या जुन्या, पिढ्यान्‌पिढ्या वाचल्या गेलेल्या बालसाहित्यकृतीवर काम करावे, असे माझे मत होते. स्वतःची कथा रचणारी मुले अडचण आली की कथाच वळवून घेतात. छापील कथा मात्र आपली जागा सोडत नाही आणि तिच्याशी झटावे लागते. आधी आम्ही मराठीतील एका अलीकडच्या बालकथासंग्रहातील गोष्ट निवडली होती. तिच्या प्रकाशकाला रीतसर पत्र पाठवले, स्मरणपत्रे पाठवली. तिकडून होकार आला नाही आणि नकारही आला नाही. आपल्याकडील प्रताधिकार कायद्याप्रमाणे लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षे त्याच्या लेखनावरचा हक्क टिकतो. साने गुरुजींचे निधन १९५० मध्ये झाले, म्हणून त्यांचे लेखन २०११ पासून सर्वांना खुले आहे. परंतु ‘श्यामची आई’ म्हटले की आचार्य अत्रे यांचा १९५३ मधील चित्रपट डोळ्यांपुढे येतो, आणि त्या सावलीत मुलांना उभे करणे मला योग्य वाटले नाही. शेवटी ऑस्कर वाइल्ड यांच्या ‘द हॅपी प्रिन्स’ या कथेवर आम्ही थांबलो. ही कथा असलेला त्यांचा संग्रह १८८८ मध्ये लंडनला प्रसिद्ध झाला आणि लेखक १९०० मध्ये वारले, त्यामुळे मूळ कथेवर कोणाचाही हक्क उरलेला नाही. मराठी भाषांतरांवर त्या-त्या भाषांतरकाराचा हक्क असू शकतो, म्हणून आम्ही इंग्रजी मुळावरूनच आपली संहिता तयार केली.

ज्यांनी ती कथा वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. शहरात एका उंच स्तंभावर राजपुत्राचा पुतळा उभा आहे. त्याचे अंग सोन्याच्या पातळ पत्र्याने मढवलेले आहे, डोळ्यांच्या जागी दोन नीलमणी आहेत, तलवारीच्या मुठीवर माणिक आहे आणि आत काळीज शिशाचे आहे. इजिप्तला निघालेली, पण थव्यामागे राहून गेलेली एक भिंगरी रात्रीपुरती त्याच्या पायांशी उतरते. उंचावरून गावाचे दुःख पाहून रडणारा राजपुत्र तिच्या हाती आधी माणिक, मग एकेक डोळा आणि शेवटी अंगावरचे सोने गरिबांच्या घरी पाठवतो. ती जायची राहते, हिमात गारठून मरते, आणि त्याच क्षणी पुतळ्याचे शिशाचे काळीज तडकते. पुढे नगराचे कारभारी तो कळाहीन पुतळा पाडून वितळवतात, काळीज मात्र भट्टीत विरघळत नाही.

ही कथा निवडण्यामागे माझा एक उघड हिशेब होता. माणिक ज्या पहिल्या घरी जाते तिथे एक शिवणकाम करणारी बाई आणि तिचा तापाने फणफणलेला मुलगा आहे. तो संत्री मागतो आहे आणि आईजवळ त्याला द्यायला नदीच्या पाण्याखेरीज काही नाही. वरूड-मोर्शीच्या, म्हणजे संत्र्याच्या पट्ट्यातल्या मुलांना संत्र्याची गोष्ट जवळची वाटेल, असे मला वाटले होते. वर्गात तो भाग वाचून दाखवला तेव्हा मुले गप्प राहिली, आणि मग मागच्या बाकावरून प्रश्न आला, “सर, संत्र्यासाठी कोणी रडते का जी?” प्रश्न अगदी रास्त होता. ज्या गावात भाव पडला की संत्र्याचे ढीग बांधावर पडून राहतात, जिथे पाहुण्याला पिशवीभर संत्री देणे ही साधी रीत आहे, तिथे संत्रे मिळत नाही म्हणून व्याकूळ झालेला मुलगा कोणालाही खरा वाटणार नव्हता. १८८८ च्या लंडनमध्ये संत्रे परदेशातून बोटीने येत असे आणि गरिबाच्या घरी ते अपूर्वाईचे फळ होते. त्या एका शब्दात वाइल्डने जी गरिबी सांगितली आहे ती आमच्याकडे त्याच शब्दाने पुसली जात होती.

यावर मुलांनी भराभर उपाय सुचवले. संत्र्याऐवजी सफरचंद घ्यावे, कारण आजाऱ्याला पाहायला जाताना सफरचंदच नेतात. मला ते पटण्याजोगे होते, तरी मन घेत नव्हते. मग मी सुचवले की मुलाची आई दुसऱ्याच्या बगीच्यात तोड्याच्या मजुरीला जाणारी दाखवू. दिवसभर संत्री हाताळणारी, पण स्वतःच्या घरी एकही न आणणारी. ही कल्पना ऐकायला फार छान होती आणि एका मुलीने ती एका वाक्यात निकालात काढली. तिची आई तोड्याला जाते, आणि संध्याकाळी निघताना मालक पदरात चार संत्री घालतोच, असे तिचे म्हणणे होते. शोषणाचे जे चित्र मी कागदावर रंगवू पाहत होतो ते माझ्या वाचनातून आलेले होते. तिचे तिच्या घरातून आलेले होते. ती सूचना मी त्याच दिवशी मागे घेतली.

गाडी पुढे सरकली ती पक्ष्यामुळे. शाळेसमोरच्या विजेच्या तारांवर हिवाळ्यात माळभिंगऱ्या ओळीने बसतात. वाइल्डच्या कथेतली भिंगरी हीच. दुभंगलेल्या लांब शेपटीची, निळसर काळ्या पाठीची. युरोपातही हीच जात आहे, आणि इंग्लंडमधल्या भिंगऱ्या प्रत्यक्षात हिवाळ्यात दक्षिण आफ्रिकेपर्यंत जातात. वाइल्डने मात्र आपली भिंगरी इजिप्तला निघालेली दाखवली आहे. आमच्याकडे येणाऱ्या भिंगऱ्या उत्तरेकडून सप्टेंबरच्या सुमारास उतरतात आणि उन्हाळा तापू लागला की एप्रिलपर्यंत परततात. पुस्तकातल्या भिंगरीला उशीर होतो म्हणजे ती हिवाळ्यात अडकते. आमच्या भिंगरीला उशीर झाला तर ती कशात अडकेल, असे मी विचारण्याआधीच सातवीतला एक मुलगा म्हणाला, “थंडीनं कायले मरन जी पाखरू? आपल्या इकडे त उन्हानं मरते.”

त्या वाक्यासरशी सगळी कथा उलगडत गेली. मागे राहिलेली भिंगरी मे महिन्यात आमच्या गावात आहे, पारा ४५ अंशांच्या पुढे गेला आहे. संत्र्याचे बहार दोन: जानेवारी-फेब्रुवारीत फुलणारा आंबिया, जो ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये तोडला जातो, आणि पावसाच्या सुरुवातीला फुलणारा मृग, जो फेब्रुवारीपासून मार्च-एप्रिलपर्यंत संपतो. मे महिन्यात बगीच्यात जाऊन पाहिले तर मृगाची फळे संपलेली असतात आणि आंबियाची फळे हिरवी, गोटीएवढी, फळगळीतून वाचली तर वाचलेली. म्हणजे वर्षातला हाच असा काळ, की चारही बाजूंनी संत्र्याची झाडे असलेल्या गावातसुद्धा तापाने फणफणलेल्या मुलाला संत्रे मिळू नये. मालक वाईट असण्याची गरज उरली नाही, आईला कोणाच्या पाया पडायला लावण्याची गरज उरली नाही. पुस्तकातले ‘नदीचे पाणी’ही आपोआप जागेवर बसले. आमच्या बाजूच्या नदीला मे महिन्यात धार नसते. बाया वाळूत झिरा खोदतात आणि वाटीवाटीने पाणी गुंडात भरतात. संहितेत आईला आम्ही झिऱ्यावर बसवले.

याहून विशेष म्हणजे मूळ कथेतला एक तपशील आमच्या उन्हात अधिक खुलला. माणिक ठेवून झाल्यावर भिंगरी त्या आजारी मुलाच्या खाटेभोवती फिरते आणि पंखांनी त्याच्या कपाळावर वारा घालते. मुलगा म्हणतो, किती गार वाटते आहे, आता मी बरा होणार. मूळ कथेतल्या गारठ्यात हे वाक्य केवळ तापापुरते आहे. मे महिन्यातल्या टिनाच्या छपराखाली ते वाक्य घरातल्या प्रत्येकाचे होते. रूपांतर करताना पात्रांना धोतर-लुगडे नेसवण्याचा मोह आधी होतो, कारण तो सोपा असतो. आम्ही मात्र कथेचा ऋतू बदलला आणि बाकीचे बदल त्याने स्वतःच मागून घेतले.

मूळ कथेत एक नीलमणी पोटमाळ्यावर थंडीने गारठलेल्या तरुण नाटककाराकडे जातो. त्याच्या जागी मुलांनी पोलीस भरतीची तयारी करणारा तरुण आणला, पहाटे चारला डांबरी रस्त्यावर अनवाणी धावणारा. भरतीत पुरुषांसाठी १६०० मीटरची धाव असते आणि गावागावांत तिच्यासाठी अंतर मोजून रस्त्याच्या कडेला चुन्याच्या खुणा केलेल्या असतात. त्या खुणा मुलांनी चित्रात न सांगता घातल्या. दुसरा नीलमणी मुळात काड्यापेट्या विकणाऱ्या मुलीला मिळतो, जिच्या काड्या गटारात पडून वाया गेलेल्या असतात आणि पैसे नेले नाहीत तर बाप मारेल म्हणून ती रडत असते. मुलांनी काड्यापेट्यांच्या जागी आइसकांड्यांची पेटी दिली. पेटी नालीत कलंडते, कांड्या वितळतात. उन्हाळ्याने हेही स्वतःच सुचवले होते. राजपुत्र कसा दिसावा यावर मात्र मी थोडी सक्ती केली. आपल्याकडे पुतळा हा विषय नाजूक असतो, तेव्हा कोणत्याही ओळखीच्या थोर पुरुषाची पगडी, दाढी किंवा उभे राहण्याची ढब त्यात येऊ द्यायची नाही, एवढी एकच अट मी घातली. १८८८ च्या आवृत्तीत वॉल्टर क्रेन यांची चित्रे आहेत. तीही मुलांना मुद्दाम दाखवली नाहीत.

तंत्राबाबत आमच्यापुढे फारसे पर्याय नव्हते. आमच्याजवळ लोकवर्गणीतून घेतलेला एक बरा मोबाइल आणि शाळेचा एक लॅपटॉप होता. एका सेकंदाला २४ चित्रे हा चित्रपटाचा नेहमीचा वेग. ॲनिमेशनमध्ये एकेक चित्र दोनदा वापरून १२ चित्रांत सेकंद भागवता येतो. त्या हिशेबाने सात मिनिटांच्या चित्रपटालाही पाच हजारांवर छायाचित्रे लागतात, आणि प्रत्येक छायाचित्रासाठी कागदाचे तुकडे हाताने किंचित सरकवावे लागतात. ही गोष्ट मुलांना पटावी म्हणून सराव आगकाड्यांवर घेतला. दादासाहेब फाळके यांनी १९१२ मध्ये वाटाण्याच्या अंकुराची वाढ थोडी थोडी चित्रित करून काही क्षणांत दाखवली होती, आणि पुढे १९१५ मध्ये ‘आगकाड्यांची मौज’ हा काड्या हलवून केलेला लघुपट काढला; हे सांगितल्यावर मुलांना आपण काही परकी विद्या शिकत आहोत असे वाटले नाही. गुल काढलेल्या काड्यांचा बैल, मग त्याची गाडी, मग गाडी उलटलेली, असे तुकडे झाले. ‘स्टॉप मोशन स्टुडिओ’ या ॲपमध्ये आधीचे चित्र पुसटसे दिसत राहते, त्यामुळे काडी किती सरकवली याचा अंदाज येतो. ही एक सोय नसती तर सहावीच्या मुलांच्या हातून हे काम होणे कठीण होते.

मुख्य चित्रपटासाठी आम्ही काळ्या कार्डशीटच्या आकृत्या घेतल्या, कारण छायाकृतीला चेहरा काढावा लागत नाही आणि चेहरा काढण्यातच मुलांचे हात अडखळतात. जर्मनीच्या लोटे रायनिगर यांनी कात्रीने कापलेल्या अशाच आकृत्यांवर १९२६ मध्ये ‘द ॲडव्हेंचर्स ऑफ प्रिन्स अखमद’ हा पूर्ण लांबीचा चित्रपट केला होता. आडव्या काचेवर आकृत्या, खालून प्रकाश, वरून कॅमेरा, ही त्यांची मांडणी आम्ही जशीच्या तशी उचलली. सरकत्या खिडक्या करणाऱ्या दुकानातून काचेचे तुकडे आणले, विटांवर एकावर एक अंतर ठेवून मांडले. खालच्या काचेवर आकाश, मधल्या काचेवर गाव, वरच्या काचेवर पुतळा आणि भिंगरी. आकाशासाठी पिवळा आणि नारिंगी पतंगी कागद. झळा दाखवण्यासाठी मधल्या काचेवर बटर पेपरची एक पट्टी ठेवली आणि दर चित्राला ती केसभर सरकवत गेलो.

प्रकाशाने मात्र आमचा अंत पाहिला. खोलीत सूर्यप्रकाश आला की ढगागणिक चित्र उजळ-काळे होते, म्हणून खिडक्या बंद केल्या. गावातला वीजदाब पंप सुरू होताच खाली येतो, आणि बल्बच्या प्रकाशातला तो फरक डोळ्याला जाणवत नसला तरी पडद्यावर लुकलुकल्यासारखा दिसतो. यावरचा तोडगा एका विद्यार्थ्याच्या वडिलांनी दिला. फवारणीच्या पाठीवरच्या पंपाला १२ व्होल्टची बॅटरी असते आणि बाजारात मिळणारी एलईडीची पट्टीही १२ व्होल्टचीच असते. त्यांनी दोन वायरी जोडून दिल्या आणि कसलीही थरथर नसलेला, तासन्‌तास एकसारखा राहणारा प्रकाश आम्हाला मिळाला. फवारणीचे दिवस नव्हते, त्यामुळे बॅटऱ्याही हव्या तितक्या उसन्या मिळाल्या. मोबाइल विमान-अवस्थेत ठेवणे, उजेड व फोकस ॲपमध्ये कुलूपबंद करणे आणि पडद्याला बोट न लावता इअरफोनच्या बटनाने छायाचित्र काढणे, या बाबी कोणीही हे काम करू पाहणाऱ्याने पहिल्याच दिवशी पाळाव्यात.

झिऱ्याचे दृश्य कागदाने केलेच नाही. नदीची चाळलेली वाळू काचेवर पसरली. खालून प्रकाश असल्यामुळे वाळू काळी दिसते आणि बोटाने जिथे ती बाजूला सारू तिथे उजेड फुटतो. आईच्या हाताची कागदी आकृती वाळूवर ठेवून तिच्या बोटांपुढे दर चित्राला चिमूटभर वाळू काडीने उकरत गेलो, आणि पडद्यावर खोल गेलेल्या खड्ड्यात हळूहळू पाणी चकाकू लागले. कॅरोलाइन लीफ यांनी १९६९ मध्ये वाळूवरच ‘पीटर अँड द वुल्फ’ ही बालकथा सचेतन केली होती, हे मला ठाऊक होते. पण वाळूतला उजेड पाणी म्हणून वापरायची कल्पना मुलांची. सबंध चित्रपटात मला स्वतःला सर्वांत आवडलेले दृश्य हेच.

आता सोन्याविषयी. छायाकृतीच्या चित्रपटात सोने दाखवायचे कसे, हा प्रश्न आम्ही बरेच दिवस टाळत होतो. पोळ्याला बैलांच्या शिंगांना आणि तान्ह्या पोळ्याला लाकडी बैलांना जी बेगड, म्हणजे चकचकीत कागद, लावतात, तिचे उरलेले ताव बहुतेक घरांत निघाले. बेगड सोनेरी असते, पण अपारदर्शक; खालच्या प्रकाशात ती इतर कागदासारखीच काळी पडली. म्हणून एका बाजूने, अगदी तिरका, कागदाने झाकून मंद केलेला दुसरा दिवा लावला. काळ्या कार्डशीटवर त्याचा परिणाम जवळजवळ होत नव्हता, बेगड मात्र पेटल्यासारखी झाली. संपूर्ण चित्रपटात वरून येणारा प्रकाश फक्त पुतळ्याच्या अंगावर आहे. बाकी सगळे गाव सावलीत.

खरी कसरत पुढे होती. भिंगरी सोन्याचे एकेक पान काढून नेते, शेवटी पुतळा राखाडी उरतो. चिकटवलेली बेगड चिमट्याने उचलून पाहिली तर खालच्या कार्डशीटचा पापुद्रा तिच्यासोबत निघून येत होता आणि त्या जागी बारीक छिद्रातून उजेड डोकावत होता. शिवाय एकदा काढलेले पान परत तसेच बसत नाही, म्हणजे मध्ये काही बिघडले तर सगळा पुतळा नव्याने मढवायचा. तेव्हा दृश्य उलटे चित्रित करायचे ठरले. उघड्या, करड्या पुतळ्यापासून सुरुवात. दर काही चित्रांनी डिंकाच्या टिपक्यावर बेगडीचा एक तुकडा बसवायचा. पुतळा पूर्ण मढला की थांबायचे आणि चित्रांचा क्रम लॅपटॉपवर उलटा करायचा. ऐकायला हे सोपे वाटते, पण पुतळा उलटा म्हणजे भिंगरीही उलटी. तिने चोचीत सोन्याचे पान घेऊन शेपटीच्या दिशेने उडत यायचे, ते पान छातीवर ठेवायचे आणि रिकाम्या चोचीने मागच्या मागे निघून जायचे. तिच्या पंखांच्या आम्ही चार स्थिती कापल्या होत्या. त्यांचा क्रमही उलटा. मुलांनी जुन्या हजेरीपटाच्या पाठकोऱ्या पानांवर एक उलटा तक्ता आखला, त्यात शेवटचे चित्र सर्वांत वर आणि पहिले सर्वांत खाली, आणि एक मुलगी केवळ तो तक्ता वाचण्यासाठी नेमली. ती क्रमांक उच्चारायची, एक जण पंख बदलायचा, दुसरा पक्षी सरकवायचा, तिसरा बेगड लावायचा, आणि सगळ्यांचे हात काचेवरून दूर झाल्याशिवाय बटन दाबायचे नाही असा नियम. पहिल्यांदा ते दृश्य सुलट फिरवून पाहिले तेव्हा पुतळ्याच्या अंगावरून सोने ज्या सहजतेने निघत गेले, ते पाहून ज्या मुलांनी स्वतः ते चिकटवले होते तीच चकित झाली.

डोळ्यांचे काम त्या मानाने सोपे होते. पुतळ्याच्या चेहऱ्यात दोन भोके कापून मागे निळा पतंगी कागद लावला होता, त्यातून प्रकाश येत असे. डोळा गेला की निळा कागद काढून काळा लावायचा.

आवाजाचे ध्वनिमुद्रण एका धान्याच्या कोठीत, भिंतींना गोधड्या टांगून केले. राजपुत्राला प्रमाण मराठी दिली, भिंगरीला आमची वऱ्हाडी. पुतळा पाडण्याच्या प्रसंगात कारभाऱ्यांचे आवाज गावातल्याच वडीलधाऱ्या मंडळींनी दिले. मूळ कथेत पुतळा वितळवल्यावर आता नवा पुतळा कोणाचा यावर सगळे भांडतात आणि प्रत्येक जण स्वतःचे नाव पुढे करतो. हा संवाद वाचताना मंडळींना हसू आवरेना आणि मुद्रण वारंवार थांबवावे लागले. त्यांच्या हसण्याचा एक तुकडा आम्ही चित्रपटात तसाच ठेवला आहे.

शिशाच्या काळजाबाबत एका मुलाने जे सांगितले ते मला पुस्तकाच्या वाचनात कधी लक्षात आले नव्हते. त्याच्या घरी मासेमारीची जाळी आहेत आणि जाळ्याला लावायच्या शिशाच्या गोळ्या घरीच, चुलीवर लोखंडी पळीत शिसे वितळवून ओततात. शिसे ३२७ अंशांना वितळते; त्याला भट्टीची गरजच नाही. वर्गातल्या इतरांना पुतळ्याचे काळीज वितळत नाही यात नवल वाटले नव्हते, धातूचे आहे म्हणजे कठीणच असणार असे त्यांनी धरले होते. या मुलाला मात्र ठाऊक होते की शिसे पाण्यासारखे होते, आणि म्हणून ते वितळत नाही हा त्याच्यासाठी खरा चमत्कार होता. आम्ही तो प्रसंग त्याच्या हवाली केला. मूळच्या ओतशाळेऐवजी त्याने भंगारवाला आणला. तो आगटीवर लोखंडी पळी धरतो, त्यात पुतळ्याचा बाकीचा भाग विरघळतो, आणि तडकलेले काळीज तसेच्या तसे खळखळत राहते. ‘खळखळत’ हा आवाज पळीत एक खिळा हलवून काढला. शिशाचा धूर विषारी असतो आणि लहान मुलांनी त्याजवळ थांबू नये, हेही त्या निमित्ताने घरी जाऊन सांगता आले.

वाइल्डच्या कथेचा शेवट याच्या पुढे आहे. देव आपल्या देवदूताला त्या नगरातील सर्वांत मोलाच्या दोन वस्तू आणायला सांगतो, आणि देवदूत शिशाचे काळीज व मेलेली भिंगरी घेऊन जातो. हा भाग घ्यावा की नाही यावर आमच्यात बरेच बोलणे झाले. ज्या मुलांना तो हवा होता त्यांचे म्हणणे असे, की भंगारवाल्याने काळीज उकिरड्यावर फेकले इथेच थांबलो तर बघणाऱ्याला वाटेल सगळे फुकट गेले. ज्यांना नको होता त्यांचे म्हणणे, की देव आला की बघणारे हात जोडतील आणि कारभाऱ्यांवर रागावायचे विसरतील. मला दुसरी बाजू अधिक पटली, आणि सात मिनिटांत स्वर्ग बसवणे आमच्या काचांच्या आवाक्यातही नव्हते, म्हणून तो भाग वगळला. मूळ पुस्तक वाचलेल्या एका-दोन जणांनी नंतर त्याबद्दल नाराजी बोलून दाखवली आणि ती मला गैर वाटत नाही.

चित्रपट पहिल्यांदा ग्रामपंचायतीच्या भिंतीवर, उसन्या प्रोजेक्टरवर दाखवला. आंबियाचा तोडा आटोपलेला होता, त्यामुळे मजूर बायाही थांबल्या होत्या. स्वतःच्या गावातली टाकी, स्वतःच्या आवाजातले कारभारी यांवर अपेक्षेप्रमाणे हशा झाला. पोलीस भरतीच्या तरुणाला बूट मिळाल्यावर मागे उभ्या असलेल्या पोरांनी शिट्ट्या मारल्या. चित्रपट संपल्यावर मात्र पुढच्या रांगेतल्या एका म्हातारबाईंनी विचारले, “माणिक त ठेवलं तिनं, मंग त्या पोराले संत्रं भेटलं का नाही?”

वाइल्डने हे कुठेही सांगितलेले नाही. भिंगरी माणिक बाईच्या अंगुस्तानाजवळ ठेवते, मुलाला वारा घालते आणि परत येते. पुढे त्या घराचा उल्लेख येत नाही. आम्हीही दाखवले नव्हते. या प्रश्नावरून मुलांत दोन तट पडले, आणि दाखवायलाच हवे होते म्हणणाऱ्या तटाने उन्हाळ्याच्या सुट्टीत काचा परत मांडून ते दृश्य स्वतंत्रपणे केले. आई तालुक्याच्या बसस्थानकावर रसवंतीशेजारच्या फळवाल्याकडे जाते, शीतगृहातून आलेली दोन सुरकुतलेली संत्री चढ्या भावाने घेते आणि एसटीच्या खिडकीशी पदरात धरून बसते. दृश्य चांगले झाले आहे, मूळ चित्रपटातल्यापेक्षा त्यातली हालचाल अधिक सफाईदार आहे. मी ते चित्रपटाला जोडलेले नाही, कारण जिथे कथा गप्प आहे तिथे आपणही गप्प राहावे असे मला अजूनही वाटते. आसपासच्या शाळांना देण्यासाठी जो पेनड्राइव्ह केला आहे त्यावर दोन्ही फाइली वेगवेगळ्या ठेवल्या आहेत, आणि कोणती आधी लावायची ते त्या-त्या शाळेने ठरवायचे आहे.